पंपखोलीत कोण आहे?

वायरमनने लाल बटणाची पेटी तिच्या टेबलावरून सोडवायला घेतली, तेव्हा बॅटरीचा उजेड तीच धरून उभी होती. बाकीचे स्क्रू निघाले. शेवटचा मात्र गंजून बसला होता.

"हा काही ऐकत नाही, मॅडम."

"तेल घाला थोडं."

"तेल कशाला? तुम्हीच एकदा दमात घ्या. तुम्ही बंद म्हटलं की भलेभले बंद होतात." वायरमन आपल्याच विनोदावर हसला, मग आपण कोणासमोर काय बोललो हे लक्षात येऊन एकदम खाली वाकून स्क्रू खरवडू लागला.

तिने उजेड हलू दिला नाही.

नियंत्रण कक्षात तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. आधी कौतुकाने म्हणत, आता पाठीमागे म्हणत. तिचं काम एकच होतं. इंजिनाची चाचणी सुरू झाली की पडद्यावरचे आकडे बघायचे, आणि काही बिनसतंय असं दिसलं तर लाल बटण दाबून इंधन तोडायचं. चाचणी व्यवस्थित झाली तर तिने काही केलेलं नसायचं, आणि तिने काही केलं तर चाचणी झालेली नसायची. असल्या कामात नाव मिळत नाही हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. नाव जातं हे गेल्या वेळी कळलं.

पेटी चार खुर्च्या पलीकडे गेली. ती खुर्ची तिच्या मैत्रिणीची, काडेपेटीची होती.

काडेपेटी हे नाव कॉलेजातलं. बारीक अंगकाठी आणि घासलं की पेटणारा स्वभाव. पुढे तिने आयुष्यभराचं कामही ज्योतीचंच घेतलं तेव्हा नाव कायमचं चिकटलं. आवाजाच्या कितीतरी पट वेगाने जाणाऱ्या विमानाचं इंजिन. त्यात फिरणारं पातं नाही, काही नाही. समोरून घुसणारी हवा आत शिरते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मागून निघून जाते. तेवढ्यात तिच्यात इंधन मिसळायचं, ते पेटवायचं आणि पेटतं ठेवायचं. एकदा ब्रेकबाईच्या सासूबाईंना हे समजावून सांगताना काडेपेटी म्हणाली होती, "असं समजा आई, धावत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून काडी ओढायची. आणि गाडी बंदुकीच्या गोळीच्या पुढे पळतेय." सासूबाईंनी क्षणभर विचार करून विचारलं होतं, "पण मुळात हात बाहेर काढावाच कशाला?" तेव्हा दोघी मैत्रिणी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

मागच्या चाचणीत ज्योत पेटली होती. पेटून स्थिर होत होती. तेवढ्यात इंजिनाच्या भिंतीचं तापमान दाखवणारा एक आकडा सरसर चढायला लागला आणि ब्रेकबाईने बटण दाबलं. इंजिन उघडल्यावर आत ओरखडासुद्धा निघाला नाही. मोजणारी तारच ढिली झाली होती. पुन्हा सगळी जुळवाजुळव करण्यात कित्येक महिने गेले. वरून समिती आली, प्रश्न विचारून गेली. काडेपेटी समितीसमोर काही बोलली नाही. बाहेर आल्यावर जिन्यात मात्र एवढंच म्हणाली, "जरा थांबली असतीस तर." त्या दिवसापासून दोघींचा चहा वेगवेगळ्या वेळी व्हायला लागला.

मग प्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. प्रमुख निवृत्तीला आलेले, मवाळ गृहस्थ. कठीण गोष्ट सांगायची असली की टेबलावरचं पेन सरळ करत बसायचे.

"अविश्वास दाखवतोय असं मनात आणू नकोस," ते पेन सरळ करत म्हणाले. "आता इंधन तोडायचं काम यंत्रणा आपोआप करेल. मर्यादा ठरवून दिली की झालं. हाताचं बटण नियमापुरतं राहील, ते मी तिच्याकडे देतोय. तिचं इंजिन आहे. तिच्याएवढं ते कोणाला कळणार?"

"मर्यादा किती?"

प्रमुखांनी आकडा सांगितला. तो तिने सुचवलेल्या आकड्याच्या बराच वर होता. काडेपेटीचा होता.

"आणि पंपखोली?" तिने विचारलं. "तिथलं इंधनाचा नळ बंद करायचं चाक इथून फिरवायची सोय करायची होती."

"करू. ही चाचणी होऊ दे, मग करू."

असं ते मागच्या चाचणीच्या आधीही म्हणाले होते.

घरी तिने बटण गेल्याचं जेवताना सांगितलं. नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं, ब्याद टळली. चाचणी जवळ आली की तू अर्धी होतेस. आता ज्याचं त्याला निस्तरू दे."

"उद्या आवाज होणार का गं?" सासूबाईंनी विचारलं. चाचणी झाली की वसाहतीतल्या कपाटांची दारं थरथरायची.

"होणार, आई."

"मग भांडी आत ठेवून देते." त्यांनी घास तोंडात घातला, थोडा वेळ चावला आणि तिच्याकडे पाहिलं. "ब्याद टळली म्हणतो हा. मग भाजीत मीठ दोनदा का पडलं?"

तिला वाटलं होतं, बटण गेलं की छातीवरची धोंड उतरेल. धोंड तिथेच होती. फक्त आता ती हलवायला हात नव्हते.

सकाळी ती पोचली तेव्हा इंजिन चाचणीगृहात चढवून झालं होतं. तिच्या टेबलावर चार बारीक भोकं उरली होती. ती त्यांच्याकडे न बघता फेरी मारायला निघाली, आणि पंपखोलीपाशी तिला पंपकाका एकटेच दिसले.

पंपखोली म्हणजे चाचणीगृहाला पाठ लावून बांधलेली जाड भिंतींची, बिनखिडकीची खोली. इंधनाचा मुख्य नळ इथून जायचा, आणि त्यावर लोखंडी चाक होतं. इंधन तोडणारी झडप एकदा मध्येच अडकली होती. तेव्हापासून चाचणी संपली की कोणीतरी हे चाक हाताने फिरवून नळ बंद करायचाच, अशी पद्धत पडली होती. तो कोणीतरी म्हणजे पंपकाका. इथे कोणी एकट्याने बसायचं नाही हा नियम ब्रेकबाईनेच केला होता, म्हणून त्यांच्यासोबत एक जोडीदार असायचा.

"जोडीदार कुठाय, काका?"

"दवाखान्यात. सकाळीच पोटात कळ आली त्याला. अपेंडिक्स म्हणतायत." पंपकाका चिंध्यांनी चाक पुसत होते. "तुम्ही काळजी करू नका, ताई. मी एकटा काही कोणाला खात नाही."

"एकटं बसायचं नाही."

"मग चाचणी पुढे ढकलणार? आज?" ते हसले. "साहेब आधी मला ढकलतील."

तिने प्रमुखांना फोन लावला. चाक फिरवायला शिकलेलं दुसरं माणूस नव्हतं. समितीतले दोघे येऊन बसले होते. हवेच्या टाक्या भरून झाल्या होत्या.

"मी बसते," ती म्हणाली.

"तू?"

"मला आज तसंही काही काम नाही."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, पण फोनवर ते तसंच ऐकू गेलं असावं. प्रमुख एवढंच म्हणाले, "बरं. सांभाळून."

फोन ठेवून ती खोलीत शिरली. या खोलीचे सगळे नियम तिने लिहिले होते: भिंत किती जाड हवी, दार कुठल्या बाजूला उघडायला हवं. पण चाचणी चालू असताना ती इथे कधी बसलेली नव्हती.

पंपकाकांनी तिला कानावर लावायचे जाड गोळे दिले आणि एक स्टूल फडक्याने पुसून पुढे सरकवलं.

"भिंतीकडे बघायचं नाही," ते म्हणाले. "भिंतीकडे बघितलं की ती पुढे येतेय असं वाटतं. चाकाकडे बघायचं. आणि पोटात गोळा आला तर येऊ द्यायचा. तो चहा प्यायल्यावर जातो."

"तुम्हाला येतो?"

"मला? छे." मग जरा थांबून, "चाचणीच्या दिवशी मी सकाळी काही खात नाही, एवढंच."

भिंतीवरच्या ध्वनिवर्धकातून हजेरी सुरू झाली. आवाज काडेपेटीचा होता. हजेरी आता बटणाच्या खुर्चीवरूनच व्हायची.

"हवा?"

"तयार."

"कॅमेरे?"

"तयार."

"पंपखोली?"

ब्रेकबाईने बोलायचं बटण दाबून तोंड पुढे केलं. "पंपखोली तयार."

पलीकडून काहीच आलं नाही. क्षणभर तिला वाटलं, तार तुटली.

"पंपखोलीत कोण आहे?" काडेपेटीने विचारलं.

"काका आणि मी."

"तू कशाला?"

"काकांचा जोडीदार दवाखान्यात आहे. एकट्याला ठेवायचं नाही."

मग कोणीतरी, बहुधा प्रमुख, मागून काहीतरी पुटपुटले. काडेपेटीचा आवाज पुन्हा आला तेव्हा तो कागदावरचं वाचल्यासारखा सपाट होता.

"इंधन?"

"तयार."

"सगळे तयार. सुरू करतोय."

आधी हवा सुटली. तो आवाज तिने नियंत्रण कक्षात कितीदा तरी ऐकला होता, पण तिथे तो दोन दारांपलीकडून यायचा. इथे तो कानांवाटे आलाच नाही. तो पायांतून चढला, स्टुलातून पाठीच्या कण्यात शिरला, दातांत येऊन बसला. कोपऱ्यातल्या बाटलीतलं पाणी उकळल्यासारखं थरथरत होतं. भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवूनही तिने बघितलं, आणि भिंत खरंच पुढे आली.

मग आवाजाच्या आत दुसरा आवाज उघडला, खोल, भरदार. पंपकाकांनी तिच्याकडे बघून अंगठा वर केला. पेटलं होतं.

तिच्यासमोर आकडा नव्हता, पडदा नव्हता. तरी तिच्या डोळ्यांपुढे तो चढायला लागला. आता तापमान इथे आलं असेल. आता इथे. तिने सुचवलेली मर्यादा कदाचित मागेही पडली असेल. ती बटणाशी असती तर एव्हाना काय केलं असतं? तिला ठाऊक नव्हतं. आणि भीती नुसती भिंतीची नव्हती. ज्योत टिकली तर मागच्या वेळी आपण उगीचच घाबरलो हे कायमचं शाबीत होणार होतं. टिकली नाही तर ती इथेच, या भिंतीपलीकडे टिकणार नव्हती. यातलं आपल्याला काय हवंय हे तिला त्या क्षणी विचारलं असतं, तर तिला खरं सांगता आलं नसतं. तिने खाली पाहिलं. तिचा उजवा अंगठा आपल्याच गुडघ्यावर रुतून बसला होता, इतका जोरात की नखाखालचं रक्त सरकून तो पांढरा पडला होता.

आवाज बारीक झाला, शिट्टीसारखा. पंपकाकांनी मान किंचित तिरकी केली. त्यांचा हात नकळत चाकावर गेला होता.

आणि सगळं थांबलं.

थांबलं म्हणजे हवेचा झोत अजून घोंघावत होता, पण आतला तो भरदार आवाज मध्येच कापल्यासारखा गेला. छतावरचा लाल दिवा पेटला.

"चाक!" पंपकाका ओरडले.

दोघांनी चाकाला हात घातला. पहिल्या झटक्याला ते हललंच नाही. "सोडू नका, ताई, अंगाचं वजन टाका," आणि तिने वजन टाकलं, आणि ते कुरकुरत, मग सैल पडत फिरायला लागलं. शेवटचा आटा बसला तेव्हा तिच्या मनगटात जीव उरला नव्हता. हवाही थांबली. त्या शांततेत तिला आपलाच श्वास परक्यासारखा ऐकू आला.

"पंपखोली," ध्वनिवर्धक म्हणाला. मग घाईने, नियमाप्रमाणे बाकीच्यांना न विचारताच, पुन्हा: "पंपखोली, बोल. बोल ना गं."

"नळ बंद झालाय," ती म्हणाली. "आम्ही ठीक आहोत."

नियंत्रण कक्षात ती शिरली तेव्हा कोणी मान वर केली नाही. समितीतले दोघे एकमेकांच्या कानाशी लागले होते. मागच्यापेक्षा ज्योत जास्त टिकली होती, पण जितकी टिकायला हवी होती तितकी नाही. प्रमुख पडद्यासमोर उभे होते.

"मर्यादा ओलांडली का?" तिने हळूच विचारलं.

"नाही. यंत्रणेनं तोडलंच नाही. मर्यादा अजून वर होती." प्रमुखांनी चार खुर्च्या पलीकडे पाहिलं. लाल बटणापुढची खुर्ची रिकामी होती, जरा मागे ढकललेली. "हातानं तोडलंय."

ती बघतच राहिली.

"मागच्या पायऱ्यांवर आहे ती," प्रमुख म्हणाले. "माझ्याशी तर बोलली नाही. तू बघ."

काडेपेटी इमारतीच्या मागच्या बाजूला, उन्हात, शेवटून दुसऱ्या पायरीवर बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. ब्रेकबाई तिच्याशेजारी बसली. बरोबर किती अंतर ठेवून बसायचं हे कळेना, म्हणून मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा राहिली.

"इंजिनाला काही झालेलं नसेल," काडेपेटी समोर बघत म्हणाली. "उघडल्यावर बघशील तू. परत एखादी तार ढिली निघेल. नाहीतर तेही नाही."

"असेल."

"ज्योत इतकी सुरेख होती. सरळ. कुठे फडफड नाही, काही नाही. इतकी वर्षं मी कागदावर काढत आले, अगदी तशी." तिने ओठ आत ओढून घेतले. "मग आकडा चढायला लागला. म्हटलं, चढू दे. मर्यादा मीच वर ठेवलीये. चढू दे, चढू दे म्हणत होते, आणि कॅमेऱ्यात ज्योत दिसायच्या ऐवजी मला भिंत दिसायला लागली. तिच्या पलीकडे तू त्या स्टुलावर. मग हात कधी गेला ते मलाच कळलं नाही."

ब्रेकबाईच्या तोंडाशी खूप काही आलं. त्यातलं एकही वाक्य बोलण्यासारखं नव्हतं. जरा थांबली असतीस तर, हे वाक्यही त्यात होतं, आणि ते आपल्याला आठवलं याचीच तिला लाज वाटली. तिने फक्त मधल्या जागेत हात टेकवला.

दार ढकलून पंपकाका बाहेर आले. हातात चहाचे तीन पेले, एकमेकांना चिकटवून धरलेले.

"दोघींनी तोंडं अशी का पाडलीयत?" ते खालच्या पायरीवर टेकत म्हणाले. "पेटलं तर होतं ना? मी ऐकलं. चांगलं पेटलं होतं. पुढच्या वेळी अजून पेटेल." त्यांनी पेले पुढे केले. "घ्या. आज ताईंनी चाकाला असा हिसका दिला की माझी नोकरी धोक्यात आहे."

काडेपेटीने पेला घेतला, पण प्यायली नाही. ती पंपकाकांकडे बघत होती. त्यांच्या कानांभोवती गोळ्यांचे लाल वळ उठले होते. ते त्यांच्या चेहऱ्याचाच भाग असल्यासारखे तिने आजवर कितीदा तरी पाहिले असतील.

"काका," ती म्हणाली, "मागच्या वेळी आत तुम्ही होतात."

"मी नेहमीच असतो की."

"त्याच्या आधीच्या वेळी?"

"तेव्हाही मीच. पहिल्या दिवसापासून." काका फुंकर मारून चहा प्यायले. "चाकाला दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही. सासुरवाशिणीसारखं रुसतं."

काडेपेटी हसली नाही. तिने ब्रेकबाईकडे पाहिलं. एकदाच, आणि सरळ. ब्रेकबाईने नजर आपल्या पेल्यात घातली.

वर दार उघडलं. "समिती वाट बघतेय," प्रमुखांचा आवाज आला. "काय झालं ते त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"येते, सर," काडेपेटी म्हणाली, आणि उठली नाही.

"काका, तुमच्या घरी कोण कोण असतं?" तिने विचारलं.

पंपकाकांनी चमकून वर पाहिलं. यात काही थट्टा आहे का ते त्यांनी आधी तिच्या, मग ब्रेकबाईच्या चेहऱ्यावर शोधलं.

"का? एखादं स्थळ सुचवताय की काय?"

"नाही. सहज."

"सहज," पंपकाका म्हणाले. मग पेला पायरीवर ठेवून त्यांनी ऐसपैस मांडी घातली. "आई आहे. तिला ऐकू येत नाही. मी काय काम करतो हे तिला ओरडून सांगावं लागेल, आणि शेजारपाजारच्यांनी ऐकावं असलं ते काम नाही, म्हणून सांगितलेलंच नाही. नळ दुरुस्त करतो म्हणून ठोकून दिलंय. बायको आहे. ती शिवणकाम करते. आणि दोन मुली. थोरलीचं काय विचारता! थोरली म्हणजे..."

प्रमुख दारातच उभे होते. ते पुन्हा हाक मारतील असं ब्रेकबाईला वाटलं. पण त्यांनी आत वळून कोणाला तरी हाताने थांबा म्हणून खूण केली आणि दार स्वतःच्या पाठीमागे ओढून घेतलं. काडेपेटी जरा सरकली. मधली जागा मिटली.

चहा निवत चालला होता. पंपकाका अजून थोरलीपाशीच होते. धाकटी यायची होती.